मागच्या सीटवरचे प्रवासी

पनवेलकराला परदेशातल्या रस्त्यांची भीती कोण दाखवणार? गणपतीच्या आदल्या दिवशी ज्याने पळस्पे फाट्यावरून गाडी कोकणाकडे वळवली, मागे दोन मुलं, मध्ये आजी, आजीच्या मांडीवर मखर, आणि पुढे वडखळपर्यंत नुसते लाल दिवे, त्याला आल्प्सचा घाट काय घाबरवणार! 2011 मध्ये पनवेल-इंदापूर रुंदीकरण सुरू झालं तेव्हा आईच्या मांडीवर असलेलं मूल आता लर्निंग लायसन्सच्या वयाला टेकलंय. मधल्या काळात रस्त्याला नव्या नव्या तारखा मिळत राहिल्या. भर सीझनमध्ये मुलाबाळांसकट लांबचा प्रवास हा आपला घरचा अभ्यास आहे. त्यात आपण नापास होत नाही. नापास होतो ते एक्सेलच्या शीटमध्ये.

सध्या नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर, कुठल्याही सोसायटीत जा, एका तरी घरात ही शीट उघडलेली असते. वर नाव: ‘युरोप सेल्फ ड्राइव्ह, मे’. खाली रंगीत रकाने. झुरिक, ल्युसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, युंगफ्राऊ, मग ब्लॅक फॉरेस्ट, मग पॅरिस, डिस्नेलँड, आणि कंसात ‘जमल्यास ॲमस्टरडॅम’. एवढं सगळं कशासाठी विचारलंत की उत्तर तयार असतं: मुलांसाठी.

मुलांना विचारलंय का, असं मात्र विचारू नका. घरात वातावरण बिघडतं.

याच घरातले आजी-आजोबा ग्रुप टूरने गेले होते. मराठी माणसाला युरोप दाखवला तो या टूर कंपन्यांनी. 1984 मध्ये केसरी सुरू झाली, 2013 मध्ये वीणा वर्ल्ड आली, आणि दरम्यानच्या वर्षांत आपली माणसं बर्फात उभी राहून श्रीखंड-पुरी खाऊन आली. नवी पिढी त्याला हसते. झेंडा धरलेल्या माणसामागे धावायचं, पाच मिनिटांत फोटो, दहा मिनिटांत टॉयलेट, हे काय फिरणं झालं? म्हणून स्वतःची गाडी. आणि मग स्वतःच्या गाडीसाठी जी शीट बनते, तिच्यात सकाळी 7.30 नाश्ता, 8.15 निघणे, 10.00 धबधबा (25 मिनिटे). म्हणजे तीच टूर. फक्त टूर मॅनेजरचा पगार वाचला आणि ते काम आईकडे आलं. बसचा ड्रायव्हर वाचला आणि ते काम बाबांकडे आलं. आजोबांच्या टूरमध्ये निदान बाबा मागे बसून झोपू तरी शकले असते.

बरं, तयारी. शेंगेनचा व्हिसा हा भर सीझनमधला पहिला टोलनाका. जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, सहाखालच्यांना फुकट. दोन मोठे, एक नऊ वर्षांचा, एक पाच वर्षांची असं कुटुंब असेल तर 225 युरो नुसत्या अर्जाला. वर सेवाशुल्क वेगळं. नाकारला तर परत काही नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण आपण तो मार्चअखेरीला, बोनस कळल्यावर करतो आणि मग अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून चिडतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे मुक्काम जास्त, तिकडे. मग स्वित्झर्लंडच्या चार रात्री आणि फ्रान्सच्या चार रात्री समोरासमोर उभ्या राहतात, आणि कुठल्या वकिलातीत लवकर तारीख मिळते त्यावर मुलांनी आयफेल टॉवर किती वेळ बघायचा ते ठरतं.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट त्यामानाने सोपं. आपल्याच आरटीओत मिळतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत गाडी घ्यायची तर ते लागतंच. हे एवढं सोपं काम बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर टाकतात, कारण त्या वेळात ते टिकटॅकच्या आकाराच्या गाडीत चार मोठ्या बॅगा कशा बसतील याचे व्हिडिओ बघत असतात. बसत नाहीत. साध्या भाड्याच्या कारच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा बसतात. तिसरी मागच्या सीटवर, चौथी मुलांच्या पायाखाली. मुलांसाठीच्या सहलीत मुलांना पाय ठेवायला जागा नाही, ही सुरुवात.

आणि आता खरी गंमत. मुलांसाठीचं सीट. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत मूल बारा वर्षांचं होईपर्यंत किंवा दीडशे सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला वेगळं सीट किंवा बूस्टर लागतं. गाडी देणारी कंपनी त्याचं दिवसाचं भाडं लावते. ते ऐकून आपले बाबा संतापतात: ‘एवढ्याशा प्लास्टिकला एवढे युरो?’ या बाबांना कुणीतरी सांगायला हवं की आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलंय. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड. कायदा तोच, मूल तेच, बाबाही तेच. पण रविवारी कळंबोलीहून एक्स्प्रेस वेला लागलं की मूल सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेलं असतं, आणि पुढची गाडी त्याचं रील काढत असते. झुरिकला उतरल्यावर मात्र हेच बाबा पट्टा तीनदा ओढून बघतात. दंडाची पावती युरो-फ्रँकमध्ये आली की मुलाच्या जिवाची किंमत लगेच लक्षात येते.

दंडावरून आठवलं. इटलीतल्या रोम-फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. पाटी असते, पण इटालियनमध्ये. कॅमेरा नंबर टिपतो. दंड काही महिन्यांनी घरपोच येतो, त्याआधी गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे कार्डातून कापून घेते. आपल्याला ई-चलानाची सवय आहे, म्हणजे चलान आलं की लोकअदालतीची वाट बघायची सवय आहे. तिथे लोकअदालत नाही.

गाडी चालवणं? ते जमतं. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतो, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला आणि तिकडे डाव्या. कोरड्या उन्हात वायपर फिरवत गोल चक्करमध्ये शिरणारी गाडी दिसली तर हात हलवा, आपलंच माणूस आहे.

टोलच्या बाबतीत तर अभिमान गिळावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये सगळ्या मोटरवेंसाठी एकच स्टिकर, 40 फ्रँक, वर्षभर. 2023 पासून त्याचं ऑनलाइन रूपही आहे. आपल्या एक्स्प्रेस वेला त्याच वर्षी कारचा एका बाजूचा टोल 320 रुपये झाला. म्हणजे सहा-सात वेळा पुण्याला जाऊन आलात की तेवढ्यात तिथे अख्खा देश वर्षभर. हे गणित मुलांना सांगू नका. ती पुढचा प्रश्न विचारतात.

पण भर सीझनचा खरा घोळ टोलचा नाही, कॅलेंडरचा आहे. आपल्याला सुट्टी मे महिन्यात. राज्य मंडळाच्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात, त्याआधी परत यायचंच. आणि ज्या घाटरस्त्यांसाठी स्वतःची गाडी घेऊन जायचं, ते फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टन हे बर्फामुळे बंद असतात आणि साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँड ज्या फुर्कावरून गाडी पळवतो, तो बघायला पनवेलहून गेलेलं कुटुंब बहुतेक वेळा खाली बंद फाटकापाशी सेल्फी काढून परत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते उघडे असतात, पण तेव्हा अख्खा युरोप रस्त्यावर असतो. फ्रान्समध्ये तर सरकारी यंत्रणा सुट्टीतल्या प्रत्येक दिवसाला रंग देते: हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. जुलैची सुट्टी संपवणारे आणि ऑगस्टची सुरू करणारे एकमेकांसमोर येतात तो शनिवार बहुधा काळा. आपल्याकडे असा तक्ता छापायचा ठरवला तर खंडाळा घाटाच्या शनिवार-रविवारसाठी शाई पुरायची नाही.

आणि मे महिन्यात रस्ते मोकळे मिळतील या भ्रमातही राहू नका. ईस्टरनंतरच्या त्यांच्या जोडसुट्ट्या मे-जूनमध्येच येतात. अशा वेळी 1980 साली खुला झालेल्या गोथार्ड बोगद्याच्या तोंडाशी कित्येक किलोमीटरची रांग लागते. सतरा किलोमीटरचा बोगदा, एकच नळी, दोन्ही दिशांची वाहतूक तिच्यातूनच. दुसरी नळी खोदणं चालू आहे. हे वाचून बोरघाटाच्या आठवणीने ज्यांना बरं वाटलं, त्यांना एवढंच सांगतो, तिथल्या रांगेत कणीसवाला येत नाही. भेळवाला नाही. हॉर्नही नाही. दोन मुलं, शांतता आणि ‘बाबा, अजून किती?’

खाण्याचा विषय आईवर सोडलेला असतो, म्हणून तो शीटमध्ये नसतोच. चिवडा, लाडू, ठेपले, मेतकूट, एका डब्यात तूप. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. म्हणजे पेढे गेले, तूपही गेलं, आणि मेतकूट-भात कोरडा. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर फॉर्मवर प्रत्येक खाद्यपदार्थ लिहावा. न सांगता पिशवीत सापडलं तर जागीच 400 न्यूझीलंड डॉलर दंड. आजीने प्रेमाने कोपऱ्यात सरकवलेलं लोणचं सहलीतली सगळ्यात महागडी वस्तू ठरू शकतं. आणि रविवारचं दूध शनिवारी घ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात. मग रेल्वे स्टेशनातलं नाहीतर पेट्रोलपंपावरचं दुकान शोधायचं.

पनवेलचा विमानतळ हा वेगळाच आनंद. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन, 25 डिसेंबरला पहिली उड्डाणं, आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या जाहिरातीत ‘एअरपोर्ट पाच मिनिटांवर’. सुरुवात मात्र देशांतर्गत विमानांनी झाली. युरोपचं तिकीट काढलेल्या पनवेलकराच्या वाट्याला सहारच आलं. रात्री अकराला चार बॅगा घेऊन अटल सेतूवर, नाहीतर वाशीच्या पुलावर.

आता एक गोष्ट जी शीट बनवणाऱ्याला आवडणार नाही. मे महिन्यात, मुलांसह, स्वित्झर्लंडला जायचं असेल तर गाडी घेऊच नका. रेल्वेने जा. आई किंवा बाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोबतच्या सहा ते पंधरा वयाच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट प्रवास. सहाखालच्यांना तसाही फुकट. चाइल्ड सीट नको, पार्किंग नको, गोथार्डची रांग नको, आणि बाबांनाही खिडकी मिळते. मुलांना गाडीपेक्षा ट्रेन जास्त आवडते, हे कुठल्याही पालकाला माहीत आहे. मग गाडी कशाला? कारण ‘आम्ही युरोपात गाडी चालवली’ हे वाक्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलायचं असतं. तिथे मुलं नसतात.

स्वतःची गाडी असण्याचा एकच खरा फायदा: वाटेल तिथे थांबता येतं. डबक्यात बेडूक दिसला, थांबा. शेतात गाय दिसली, थांबा. कोकणात जाताना आपण हे आपसूक करतो. कर्नाळ्याला लघवीला, पेणला मूर्ती बघायला, वडखळला वडा खायला, आणि मुलांच्या लक्षात तेवढंच राहतं. पण भर सीझनमध्ये युरोपात प्रत्येक रात्रीची चौघांची खोली आधी घेतलेली, पैसे भरलेले, उशिरा पोहोचलो तर रिसेप्शन बंद. मग बेडूक मागे पडतो, गाय मागे पडते, आणि झुरिकहून पॅरिस हे साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे पनवेलहून पणजीपेक्षा लांब, एका दिवसात कापायचं ठरतं. मागच्या सीटवर दोघं झोपलेली असतात. बाबा त्यांना उठवतात: ‘अरे बघा, फ्रान्स आलं!’

मुलांना फ्रान्स आणि जर्मनीतला फरक कळायला नकाशा लागतो. हॉटेलात स्विमिंग पूल आहे की नाही हे कळायला लागत नाही.

ज्यांना गाडीच चालवायची आहे त्यांनी जरूर चालवावी. एकाच प्रदेशात, एकाच घरात पाच-सहा रात्री मुक्काम ठेवावा आणि गाडी रोज तिथून बाहेर काढावी. डाव्या बाजूने चालवायची सवय सोडवत नसेल तर नाताळात न्यूझीलंडला जावं. तिथे तो ऐन उन्हाळा आणि ऐन सीझन, पण निदान वायपर आणि इंडिकेटर जागच्या जागी. बुकिंग मात्र गणपतीआधी करावं, दिवाळीचा फराळ झाल्यावर नव्हे.

आणि आज संध्याकाळी ती शीट उघडून तीन ओळी खोडा. कुठल्या, ते तुम्ही ठरवू नका. मागच्या सीटवर जे बसणार आहेत, त्यांना पेन द्या.