रिपोर्टवाले नाना

आमच्या सोसायटीत कुणाचंही रक्त तपासलं की रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी नानांकडे जातो. म्हणजे नाना येऊन घेऊन जातात. वाचतात ते फक्त ठळक छापलेले आकडे. साध्या टायपातला आकडा त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो.

स्वतःचं युरिक ॲसिड ७.३ आलं, लॅबची पुरुषांसाठीची मर्यादा ७. "तीननं गेलो!" नाना ओरडले. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला दशांशचिन्ह दिसू नये! डॉक्टरांनी विचारलं, सांधा कधी सुजला होता? मुतखडा झाला होता? दोन्हीला 'नाही' म्हटल्यावर ते म्हणाले, नुसत्या एवढ्या आकड्याला गोळी लागत नाही. पाणी प्या, वजन उतरवा. नाना दुखावले. गोळीशिवाय परत पाठवतो तो कसला डॉक्टर!

मग घरात बंदीहुकूम निघाले. तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. आमटीवाचून काकू रडकुंडीला आल्या. रविवारची कलेजी मात्र चालू, कारण ती 'ताकदीची', आणि सोबतची बीअर म्हणजे काय, "अहो, जवाचं पाणी! लघवी साफ होते." प्युरिन ठासून भरलेलं असतं ते कलेजीत आणि तारलीत. बीअर तर ॲसिड वाढवतेही आणि ते बाहेर टाकणाऱ्या किडनीला अडवतेही. डाळ-पालकावर त्यामानानं फारच थोडा दोष येतो. पण कलेजीला दोष द्यायचा म्हणजे रविवारचं काय?

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा पायाचा अंगठा रातोरात टम्म फुगला. लाल, गरम, चादर लागली तरी किंचाळत. रिपोर्ट ६.१, साध्या टायपात. नानांनी निकाल दिला, "गाऊट नाही. चप्पल चावली." डॉक्टरांचं म्हणणं निराळं: ऐन दुखण्यात रक्तातला आकडा उतरलेला दिसू शकतो, म्हणून सूज गेल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. तपासलं, तर ८.९. ठळक! काकांपेक्षा नानाच खूश. "मी म्हणत नव्हतो?" जिन्याजिन्यावर सांगत सुटले.

आता नानांकडच्या काकूंची तपासणी झाली. ५.८ आलं. बायकांची मर्यादा ६, म्हणून साधाच टाइप. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. काल त्यांनी दुसऱ्या लॅबचा माणूस बोलावला. तिथं बायकांची मर्यादा ५.७ आहे.