वहिनींचा दिवा

"ताई, काल सलग सहा तास झोपले!" जास्वंदीच्या कुंपणापलीकडून वहिनी ओरडल्या. मी वाल सोलत होते, ते तसेच ठेवून उठले. बातमीच तशी होती. चार महिने रात्री दोनला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. (मी तेव्हा जागी का, ते विचारू नका.)

"लेकाची नोकरी गेली तेव्हापासूनचं हे. पण आताशा त्याची काळजीसुद्धा मागे पडली होती. घड्याळ बघायचं, आता चारच तास उरले, आता तीनच! अंथरूण दिसलं की छातीत धडधडायचं."

डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासलं. मग संमोहन करणाऱ्या एका मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. भाऊजी म्हणाले, "आता तुला कोंबडी करून नाचवतील."

"मग? लोलक फिरवला?"

"छे हो! खुर्चीत बसवलं. श्वास, मग जबडा सैल सोडायचा, खांदे. मग मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायच्या. खाली माझ्या आजोळची पडवी, कौलांवर पाऊस."

"आणि झोपलात?"

"नाही ना! भंगारवाला ओरडला तेसुद्धा ऐकलं."

हीच तर गंमत आहे. ग्रीकांच्या निद्रादेवाचं, हिप्नॉसचं, नाव इंग्रजीत या विद्येला चिकटलं, ब्रेड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरसाहेबांच्या १८४३च्या पुस्तकाने ते रूढ केलं, पण संमोहनातला माणूस झोपलेला नसतोच. मेंदूचा आलेख जागेपणाचाच येतो. फक्त लक्ष एका जागी बसतं, आणि झोप आली का, आली का म्हणून राखण करणारं मन तेवढं गप्प होतं.

मला पणजीतला तो पुतळा आठवला. खाली कललेली बाई, वर हात पसरलेला पाद्री. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, भूत उतरवतोय! ते आबे फारिया, कांदोळीचे, जन्म १७५६. पॅरिसमध्ये १८१३ साली त्यांनी लोकांसमोर सांगितलं, की संमोहनाची शक्ती माझ्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे. तेव्हा बाकीचे संमोहकाच्या अंगातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवाच्या गोष्टी करत होते. मी हे वहिनींना सांगितलं.

"म्हणजे पडवी माझीच होती म्हणायची," वहिनी म्हणाल्या. "पण सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, असं माझ्या तज्ज्ञांनीच सांगितलं. शिवाय झोप येईना तर अंथरुणात लोळायचं नाही, उठायची वेळ ठरलेली, दुपारची डुलकी बंद. नुसत्या पायऱ्या उतरून भागत नाही."

मला हे पटलं. एका बैठकीत कायमची झोप देतो म्हणणाऱ्याकडे मी तरी फिरकणार नाही.

"आता रोज रात्री त्यांनी दिलेलं रेकॉर्डिंग लावते."

"आणि भाऊजी?"

"ते तिसऱ्याच पायरीवर घोरायला लागतात. त्यांना निद्रानाश कधी नव्हताच."