कुंभार्ली घाटात मुकी गाडी

मेहुण्याच्या पिकअपच्या मीटरवर एक लाल माणूस बसला होता. पट्टा लावलेला, पोटापुढे कलिंगडाएवढा गोळा. हा एअरबॅगचा दिवा. चावी फिरवली की काही सेकंद दिसावा आणि विझावा, अशी त्याची रीत. चिपळूणला हापूसच्या पेट्या चढवून झाल्या तरी हा आपला बसलेलाच.

"दाजी, त्या लायटीचं लई मनावर घेऊ नका. गाडी पळतीय न्हवं?"

बहादूरशेख नाक्यावर चहा होईपर्यंत तज्ज्ञ जमले. एकाच्या मते सीटखालचा पिवळा कपलर ढिला. हे अगदीच चुकीचं नव्हतं. सीट मागेपुढे करून तो खरंच हलतो. दुसऱ्याने मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर लावून "इंजिन ठणठणीत" असा निकाल दिला. ते खेळणं इंजिनचेच कोड वाचतं. एअरबॅगचे वाचायला तसा स्कॅनर लागतो, हे त्याच्या गावी नव्हतं. तिसऱ्याने काळी टेप काढून दिव्यावर चिकटवली. बिल शून्य. मेहुण्याला हीच दुरुस्ती पटली.

घाट लागला. वळणावर समोरून एसटी. मेहुण्याने हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला, मग मुठीने ठोकला. तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. एअरबॅगशिवाय आपल्याकडे माणूस पिढ्यान् पिढ्या गाडी चालवत आला आहे, पण हॉर्नशिवाय घाट?

"दाजी, तुम्ही वरडा."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून प्रत्येक वळणावर "ओऽऽऽ" करत गेलो. एका ट्रकवाल्याने तितक्याच जोरात ओ दिली. कोयनानगरला पोचेपर्यंत माझा घसा बसला होता.

पाटणच्या वायरमनने मात्र सीटखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "दिवा आणि हॉर्न, दोन्ही? क्लॉक स्प्रिंग गेली." स्टेअरिंगच्या आत चपट्या पट्टीची गुंडाळी असते. चाक फिरेल तशी ती सुटते, आवळते. एअरबॅगचा आणि हॉर्नचा करंट तिच्यातूनच जातो. त्याने चाकं सरळ करून घेतली, बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि सरळ चहाला निघून गेला. मेहुणा चिडला, पण चहा हा कामाचाच भाग होता. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज राहतो, आणि छातीपुढे फुगा फुटायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. एअरबॅगला मीटर लावून तपासायचं नाही, हेही त्याने हेल्परला दटावून सांगितलं. मीटरच्या बारीक करंटनेही ती उडू शकते.

जुनी गुंडाळी त्याने उघडून दाखवली. नखाएवढी रुंद पट्टी, आत तांब्याच्या बारीक रेघा, आणि एका घडीवर आडवी चीर. बस्स, एवढंच. नवा पार्ट कराडहून मागवला, मधोमध धरून बसवला, योग्य स्कॅनरने कोड पुसला. मेहुण्याने हॉर्न इतका वेळ वाजवला की समोरच्या दुकानातून लोक बाहेर आले. एअरबॅगबद्दल त्याने विचारलंच नाही.

वाचकहो, हा दिवा पेटलेला असताना धडक बसली, तर एअरबॅग उघडेल याची खात्री नसते. कुणी टेप लावून दिली असेल, तर तेवढी काढून बघा.