बायोमेडिकल

"बायोमेडिकलला बोलवा!" अशी हाक आमच्या सिव्हिलच्या व्हरांड्यात घुमली की समजावं, कुठलं तरी मशीन बंद पडलंय आणि त्याला शेवटचा हात लावणारा चहाला गेलाय. ज्याला हाक मारतात त्याला नाव आहे, आडनाव आहे, इंजिनिअरिंगची पदवीही आहे; पण ते सगळं पगारपत्रकापुरतं. एकदा त्याची बायको डबा घेऊन आली आणि गेटवर तिनं त्याचं नाव सांगितलं. रोज त्याला सलाम ठोकणारा वॉचमन म्हणाला, "असं कोणी नाही इथं, बाई." शेवटी ती म्हणाली, "अहो, ते मशीन दुरुस्त करतात ते..." त्यावर वॉचमन उखडलाच. "मग बायोमेडिकल म्हणा की सरळ!"

मी भूल देणारा डॉक्टर. माझा पेशंट झोपतो आणि मी तासन्‌तास मशीनकडे बघत बसतो, त्यामुळे या माणसाशी माझं बरं जमतं. त्याची खोली जिन्याखाली, लाँड्रीला लागून. आमच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, त्याच्या गळ्यात मल्टिमीटरच्या वायरी. आणि खरं सांगायचं तर पेशंटची हिस्टरी घ्यावी कशी, हे आमच्या इंटर्न्सनी त्याच्याकडून शिकावं. पहिला प्रश्न ठरलेला : "प्लग लावलाय का?" सिस्टर चिडतात. तो शांतपणे सांगतो, "राग मानू नका सिस्टर, निम्म्या केसेस मी इथंच बऱ्या करतो." दुसरा प्रश्न : "पडलं होतं का?" याचं उत्तर नेहमी नाही असंच येतं. सरकारी दवाखान्यात मशीन कधीच पडत नाही. ते आपोआप टेबलावरून फरशीवर जातं.

माणसांकडे तो बघतच नाही. एकदा एका इंटर्ननं ईसीजी काढला आणि पेशंटचं हृदय उजवीकडे असल्याचं जाहीर केलं. वॉर्डात गर्दी जमली, फोटो काढून झाले. बायोमेडिकल आला, पेशंटच्या छातीकडे ढुंकूनही न बघता त्यानं वायरींचा माग काढला आणि म्हणाला, "हात बदललेत." डाव्या हाताची वायर उजव्याला, उजव्याची डाव्याला. हृदय जागेवर आलं, पेशंट जरा हिरमुसला. मग ह्यानं गर्दीला सुनावलं की ज्या आइंथोवेनला ईसीजीसाठी १९२४ चं नोबेल मिळालं, त्याचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरातलं होतं. ते चालवायला ५ माणसं लागायची, आणि पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचे. "तेव्हा असल्या चुका होत नसणार. पाचजण एकमेकांवर लक्ष ठेवून असायचे ना!"

त्याच्या टूलकिटमध्ये नेलपॉलिश काढायची बाटली असते. नव्यानं आलेल्या एका सुपरिटेंडेंटनं त्यावरून भलताच तर्क केला होता. खरी गोष्ट अशी की गप्पा मारत बसलेल्या नव्या नवरीचा ऑक्सिजन बोटावरच्या यंत्रानं ८२ दाखवला की सगळा वॉर्ड धावतो, आणि हा येऊन तिच्या एका नखाचा गडद रंग पुसतो. आकडा ९८.

कागदांचा विषय काढला की मात्र त्याला कंठ फुटतो. एएमसी आणि सीएमसी यांतला फरक त्यानं मला असा समजावला : "एएमसी म्हणजे आजाऱ्याला नुसते बघायला येणारे पाहुणे. सीएमसी म्हणजे डबा घेऊन येणारे." पहिल्यात कंपनीचा इंजिनिअर येतो आणि पार्टचे पैसे आपण भरायचे, दुसऱ्यात पार्टही त्यांचाच. केंद्रानं २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीची योजना काढली. तिच्यात जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के वेळ चालू राहावीत असं म्हटलंय. हा आकडा त्यानं बोटांवर मोजून तपासला. "पाच टक्के म्हणजे वर्षाला १८ दिवस. मशीनला १८ दिवस आजारपण मंजूर, आणि माझी किरकोळ रजा ८!"

मेलेल्या मशीनचं तर विचारूच नका. त्याला रीतसर मूठमाती देण्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात, आणि तो प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत मयत व्हरांड्यातच पडून असतं. मधल्या काळात बायोमेडिकल अवयवदान उरकून घेतो. आयसीयूतल्या चार मॉनिटरांत एकाच स्वर्गवासी मॉनिटरचे अवयव धडधडताहेत. ऑडिटवाले डेड स्टॉक रजिस्टर उघडून "नोंद आहे, वस्तू कुठंय?" विचारतात तेव्हा तो हळव्या आवाजात म्हणतो, "सगळीकडे आहे, साहेब."

देवाधर्माशी त्याचं वाकडं नाही, पण खंडेनवमीला तो दवाखानाभर पहारा देतो. कारण आदल्या वर्षीच्या झेंडूच्या पाकळ्या त्याला व्हेंटिलेटरच्या पंख्यात सापडलेल्या असतात आणि कुंकू बटणांच्या फटीत. "मशीनला हळदकुंकू नको," तो हात पसरून दारात उभा राहतो, "अर्थिंग द्या!"

अर्थिंग ही त्याची खरी उपासना. एप्रिल-मेत जमीन वाळते, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडा पडतो आणि आयसीयूतल्या पडद्यांवर धडधाकट माणसाच्या हृदयालाही कापरं भरतं. आता खड्डा बांधकाम खात्याचा, वायर त्यांच्याच विद्युत शाखेची आणि मशीन आरोग्याचं. तिन्हीकडे पत्रं लिहून झाल्यावर त्यानं एक बादली घेतली. तेव्हापासून उन्हाळाभर रोज सकाळी सातला, कॅज्युअल्टीच्या मागे कडुनिंबाखाली तो त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. मग वाकून मल्टिमीटर लावतो आणि आकडा मनासारखा आला की डोळे मिटून मान हलवतो.

कडुनिंबाखाली पेशंटांचे नातेवाईक मुक्कामाला असतात. पांढरा कोट घातलेला माणूस रोज सकाळी येतो, जमिनीत पाणी सोडतो, वाकतो, डोळे मिटतो, हे ते बघत होते. एका सकाळी खड्ड्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलं. मग जास्वंद आली. आठवड्याभरात नारळ.

त्याच सुमारास तो बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी पाच दिवस गावी गेला. मॉनिटर थरथरायला लागणार म्हणून मीच धास्तावून तिसऱ्या दिवशी बादली घेऊन गेलो, तर खड्डा काठोकाठ ओला. तांब्या घेऊन बायका रांगेत उभ्या.

परत आल्या आल्या त्यानं मल्टिमीटर लावला. वर्षभरात इतका सुंदर आकडा आला नव्हता. मी म्हटलं, "आता यांना खरं काय ते सांगून टाक." त्यानं थोडा विचार केला आणि रांगेतल्या पहिल्या आजीजवळ जाऊन हात जोडले.

"आजी, पाणी रोज घाला. मीठ वाहिलं तरी चालेल. शनिवारी तेल मात्र घालू नका."