तेवढं एक करून द्या

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पतसंस्थेत, नागरी बँकेत, साखर कारखान्यात नाहीतर कॉलेजात जा. जिन्याखालच्या किंवा गच्चीला लागून असलेल्या खोलीत हा माणूस सापडणारच. पगारपत्रकात तो आयटी ऑफिसर असतो, पण शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचा ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’. प्रिंटरात कागद अडकला, शाखेची लिंक गेली, चेअरमनच्या नातवाचा गेम चालेना, की पहिली हाक भाऊंना. त्या खोलीत एसी असतो, पण तो सर्व्हरसाठी. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला जिल्ह्यातला हा एकमेव इसम.

माझा धंदा अशा भाऊंना मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवून देण्याचा. हे सॉफ्टवेअर दर मिनिटाला सगळ्या यंत्रांची हजेरी घेतं. सर्व्हर, राउटर, यूपीएस, शाखांच्या लाइनी, सगळ्यांना विचारतं, ‘आहेस का?’ ते म्हणतात, ‘आहे.’ एखाद्यानं उत्तर दिलं नाही, की पडद्यावर लाल रंग येतो आणि भाऊंच्या मोबाइलवर मेसेज. झालं, एवढंच. पण भाऊ पडद्याकडे बघतात, खुर्ची पुढे ओढतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, “छान आहे. एकच नंबर. फक्त तेवढं एक करून द्या.”

पहिलं ‘तेवढं एक’ आलं ते चेअरमनसाहेबांपायी. भाऊंनी हौसेनं साहेबांचाही नंबर यादीत टाकला होता. पहिल्याच आठवड्यात माजलगाव शाखेचा राउटर बंद पडला आणि साहेबांना मेसेज गेला, ‘माजलगाव क्रिटिकल.’ साहेबांचा उलट फोन, “कोणत्या दवाखान्यात ठेवलंय?” माजलगावचे मॅनेजर त्या वेळी शाखेसमोर पोहे खात होते. त्यांना भेटायला दोन संचालक गाडी करून निघालेसुद्धा.

त्यावर भाऊंची मागणी तयार. चेअरमनला जाणारा मेसेज वेगळा पाहिजे, मराठीत पाहिजे आणि आदबीनं पाहिजे. ‘साहेब, नमस्कार. माजलगावचं मशीन थोडं थांबलं आहे. काळजी नसावी.’ हे करून दिलं. पुढच्या आठवड्यात सुधारणा आली. “साहेब, चेअरमनला आधी ‘सुरू झालं’ असा मेसेज जाऊ द्या. ‘बंद पडलं होतं’चा मागून पाठवा.” मी म्हणालो, “भाऊ, बंद पडल्याशिवाय सुरू कसं होणार?” भाऊ शांतपणे म्हणाले, “ते तुम्ही बघा. तुम्ही इंजिनिअर आहात.”

मग नकाशा. सॉफ्टवेअर आपलं आपण सगळ्या शाखांचे ठिपके गोलात मांडून देतं. त्या गोलात पाटोदा नेमकं परळीच्या मांडीला मांडी लावून बसलं. भाऊंचा चेहरा उतरला. “पाटोदा एका टोकाला, परळी दुसऱ्या टोकाला. जिल्ह्याचे अकरा तालुके असे कालवून ठेवल्यावर माणसानं बघायचं कुठं?” मग जिल्ह्याचा खराखुरा नकाशा आला. आष्टी पार पश्चिमेला, गेवराई वर, केज खाली, अंबाजोगाई आणि परळी पूर्वेकडे. प्रत्येक ठिपक्याला चित्र हवं होतं: बीडला पाण्यात उभं कंकालेश्वर, धारूरला किल्ला, माजलगावला धरण, परळीला औष्णिक केंद्राची चिमणी, अंबाजोगाईला योगेश्वरीचं देऊळ. एका शाखेला काय द्यावं ते सुचेना, तेव्हा भाऊ म्हणाले, “सीताफळ द्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मग आपल्या नकाशात जागा मिळायला काय हरकत आहे?”

एवढ्यावर भागलं नाही. “बालाघाटचा डोंगर पण काढा.” डोंगराला काही आयपी ॲड्रेस नसतो, हे मी सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, “डोंगर काढल्याशिवाय लाइन काहून गेली ते कसं कळायचं?” काढला. त्यानंतर दोन शाखा एकदम लाल झाल्या आणि पडद्याकडे बघताक्षणीच कळलं की दोघींचा सिग्नल डोंगरावरच्या एकाच टॉवरवरून येतो. तोपर्यंत त्या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून दोन वेगळ्या रजिस्टरात पडत होत्या. भाऊ काही बोलले नाहीत. फक्त मफलर एकदा सारखा केला.

भाऊंना हसायची हीच पंचाईत. मागणी आधी चक्रम वाटते आणि नंतर बघावं तर जगभरचे भाऊ तेच मागून बसलेले. बीडच्या मुख्य कार्यालयाची लाइन तुटली की सगळ्या शाखांचे मेसेज एकामागून एक धडकायचे. भाऊ वैतागून म्हणाले, “घरचा कर्ता माणूस आजारी पडला, तर घरातल्या प्रत्येकाच्या नावानं वेगळा निरोप कशाला? कर्त्याचं कळवा, बाकीचं आम्ही समजून घेतो.” नागिऑस नावाच्या जुन्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय पहिल्यापासूनची आहे. मोठं यंत्र पडलं, तर त्याच्या पलीकडच्यांना ‘पडलं’ न म्हणता ‘पोहोचता येत नाही’ म्हणायचं. मग भाऊ म्हणाले, “दर पाच मिनिटाला गेलं-आलं, गेलं-आलं चालू असतं. ह्याला जाणं म्हणता येईना आणि येणं बी म्हणता येईना. ह्याला तिसरा रंग द्या. गुलाबी.” नागिऑसवाले ह्या प्रकाराला ‘फ्लॅपिंग’ म्हणतात आणि तेवढ्या वेळापुरते मेसेज आवरतात. रंगाचं मात्र भाऊंच्याआधी कोणी बोललं नसावं.

असं काही आधीपासूनच आहे म्हटलं की भाऊंचा हिरमोड होतो. मागितलेली गोष्ट मेनूच्या तिसऱ्या ओळीत निघावी, ह्याच्यासारखा अपमान नाही. “मग आधी नाही का सांगायचं?” असं म्हणून ते दोन मिनिटं गप्प बसतात आणि जे खात्रीनं नसेल असं काहीतरी शोधून काढतात. एकदा त्यांना बीडच्या खजाना विहिरीत सेन्सर सोडायचा होता. मी कारण विचारलं. “पावसाळा असो, दुष्काळ असो, तिचं पाणी हलत नाही म्हणतात. आलेख एकदम सरळ येईल. संचालक मंडळाला दाखवायला एक तरी सरळ रेघ पाहिजे की नाही?”

एकदा मी त्यांना झॅबिक्स नावाच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरची कथा सांगितली. लाटव्हियाच्या रिगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव नावाचा माणूस एका बँकेत यंत्रणा सांभाळायचा. १९९८ मध्ये त्यानं आपल्या कामापुरतं म्हणून हे लिहायला घेतलं आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे बँकेतला कॉम्प्युटरवाला?” हो. “म्हणजे आपल्यातलाच की!” त्या दिवसापासून व्लादिशेव त्यांच्या भावकीत आला. मग मी २००९ ची गोष्ट सांगितली. नागिऑसमध्ये लोकांनी पाठवलेल्या सुधारणा वेळेवर घेतल्या जात नाहीत म्हणून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी इसिंगा नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं. भाऊ एकदम सावरून बसले. “फूट पडली म्हणा की! मूळ चिन्ह कोणाकडं राहिलं?”

ह्याच बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं की झॅबिक्सकडे नवीन मागण्या रीतसर नोंदवता येतात, प्रत्येक मागणीला नंबर पडतो आणि इतर लोक तिला मत देऊ शकतात. मत हा शब्द बीडच्या माणसासमोर जपून काढावा. भाऊंनी विचारलं, “किती मतं लागतात?” तसा आकडा काही ठरलेला नसतो, म्हटलं. “विरोधात कोण आहे?” कोणी नाही, म्हटलं. “मग बिनविरोध का होईना?” गुलाबी रंगाची मागणी नोंदवली गेली आणि संध्याकाळपासून मतदान सुरू झालं. केजचे कॅशिअर, धारूरचे मॅनेजर, पाटोद्याचा शिपाई. त्यात गेवराईचे एक चुलतभाऊ होते, ज्यांचा सर्व्हरशी संबंध एवढाच की हॉटेलात एकदा बिल उशिरा आलं तेव्हा ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं त्यांनी ऐकलं होतं.

मतं पडली, निकाल काही लागेना. मी भाऊंची समजूत घालायला गेलो, तर उलट त्यांनीच माझी घातली. “साहेब, अहमदनगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली. बीडला गाडी कधी आली? २०२५ च्या सप्टेंबरात. तीस वर्षं. तेव्हा मागणीनं घाबरायचं नसतं. मागणी टाकायची, दरवर्षी आठवण द्यायची आणि आपलं काम करत राहायचं.” पहिली गाडी स्टेशनात शिरली त्याच आठवड्यात नकाशावर रेल्वेचा रूळ काढून देण्याची मागणी आली. तीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

साखर कारखान्यातले भाऊ जरा वेगळ्या घडणीचे. त्यांचा सगळा जीव वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरात. हंगामात तो पाच मिनिटं थांबला, तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर जाते आणि रांगेतला प्रत्येक माणूस भाऊंच्या खोलीचा पत्ता विचारायला लागतो. म्हणून ह्या भाऊंना मेसेज चालत नाही. “त्या गोंधळात मोबाइलची टिंग कोणाला ऐकू येणार? भोंग्याला जोडून द्या.” आणि जोडून घेतलासुद्धा. रात्री दोन वाजता काटा बंद पडला, भोंगा झाला आणि पाळी संपली समजून अर्धा कारखाना डबे उचलून घरी निघाला. सकाळी भाऊ म्हणाले, “भोंग्याचा आवाज वेगळा करता येईल का? तेवढं एक.”

एवढं सगळं पडद्यावर असूनही भाऊ एक रजिस्टर ठेवतात. लांब, तांबड्या पुठ्ठ्याचं, रेघा पट्टीनं मारलेल्या. ऑडिटरला पडदा चालत नाही, सही लागते. रकाने असे: तारीख, वेळ, शाखा, किती वेळ बंद, कोणी कळवलं, कारण, शेरा. कारणाच्या रकान्यात जिल्ह्याचा इतिहास आहे. ‘लाइट.’ ‘जेसीबी.’ ‘उंदीर.’ ‘जेसीबी.’ ‘शिपायानं फॅन समजून बंद केलं.’ ‘यात्रा.’ ‘वानर.’ आणि दर पानावर दोन-तीनदा, सुवाच्य अक्षरात, ‘आपोआप.’ सॉफ्टवेअरमध्येही कारणांच्या यादीत ‘आपोआप’ टाकून द्या, ही मागणी मी पुष्कळ दिवस टाळली. यंत्र आपोआप बंद पडत नसतं, कारण शोधायचं असतं, वगैरे मी बोललो. भाऊ म्हणाले, “बंद पडल्याचं नाही हो ते. सुरू झाल्याचं आहे.” रजिस्टर चाळल्यावर उलगडलं की बहुतेक ‘आपोआप’ रात्री अकरा ते पहाटे चारमधले आहेत, आणि त्या वेळी मोटारसायकलवरून शाखेत जाऊन यूपीएसचं बटण दाबणारा माणूस कोण, ते शेजारच्या सहीवरून कळत होतं. यादीत ‘आपोआप’ टाकून दिलं.

भाऊंच्या मुलीचं लग्न अंबाजोगाईला ठरलं, तेव्हा मागणी रास्त होती. “मंगलाष्टकं चालू असताना फोन वाजायला नको.” ही सोय सगळ्याच सॉफ्टवेअरांत असते, ठरावीक वेळेपुरते मेसेज बंद. करून दिलं. लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी जिलबीवर असताना फेटा बांधलेले भाऊ माझ्यापाशी येऊन वाकले. आग्रह करायला आले असतील म्हणून मी ताटावर हात धरला. ते कानात म्हणाले, “सकाळपासून एक बी मेसेज नाही.” तुम्हीच बंद करायला सांगितलेत, मी म्हणालो. “ते बरोबर. पण काही झालं नाही म्हणून येईना, का झालंय तरी येईना, हे कळायचं कसं?”

ह्या प्रश्नानं मोठमोठ्या डेटा सेंटरवाल्यांची झोप उडवलेली आहे. नजर ठेवणाऱ्यावर नजर कोणी ठेवायची? त्यासाठी वेगळ्या यंत्रणा असतात, त्यांचे वेगळे पैसे असतात. भाऊंनी भरल्या मांडवात तोडगा काढला. दर तासाला ‘सगळं ठीक आहे’ असा मेसेज यावा. न आला, की समजायचं बिघडलं.

चौथ्या दिवशी फोन. “साहेब, रात्री दर तासाला झोप मोडायलीय. मिसेस म्हणतात, ठीक असल्याचं उठवून कशाला सांगता? रात्रीचं बंद करा.” केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा फोन. “रात्रभर मेसेज नाही. सगळं ठीक आहे ना?”

ठीक आहे, म्हटलं.

“बघा, तुम्ही सांगितलं की कसं बरं वाटतं. रोज सकाळी सहाला तुम्हीच एक फोन करत जा. तेवढं एक करून द्या.” मी हो म्हणायच्या आत भाऊ पुढे म्हणाले, “आणि रविवारी सातला केला तरी चालेल. तसं सेट करता येतं ना?”