आमच्याकडे तेवीस आहे

हल्ली पाहुण्यापुढे पाण्याचा पेला ठेवला की सोबत आकडाही ठेवतात. "आमच्याकडे तेवीस आहे." पूर्वी या सुरात लोक मुलाचे दहावीचे टक्के सांगत. इथे मात्र ज्याला कमी, तो पहिला. पाहुणा ओशाळतो. "आमचं एकतीसच्या खाली उतरतच नाही हो." यजमान त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "मेम्ब्रेन बदला."

हा आकडा टीडीएसचा. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत, त्याचा. तो मोजायला पेनाएवढं यंत्र मिळतं. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघून ते क्षारांचा अंदाज बांधतं. बास, एवढंच त्याचं काम. कॉलरा, कावीळ, टायफॉइड या मंडळींशी त्याची ओळख नाही. पेलाभर पाण्यात गटारातलं चमचाभर पाणी टाका, आकडा पाचदहाने हलेल. तोच चमचा धुऊन त्याने चिमूटभर मीठ घाला, आकडा हजाराकडे धावेल. म्हणजे पेनाच्या मते गटार चालेल, मीठ नको. आणि ते गटार पोटात गेल्यावर डॉक्टर जे मीठ-साखरेचं पाणी पाजतात, त्यात हे पेन बुडवलं तर यजमानांनाच सलाईन लावावं लागेल.

पेन घरात येतं पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन विकणाऱ्याच्या खिशातून, आणि त्याच्या पाठोपाठ पिशवीतून निघतो तो प्रयोग. तुम्ही पाहिला असेलच. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनच्या मेम्ब्रेनमधून गाळलेलं. वर चार कांड्यांचं यंत्र ठेवायचं, प्लग लावायचा. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवा गाळ माजतो, मशीनचं पाणी तसंच स्वच्छ. काकू पदर तोंडाला लावतात, "अगंबाई, हे आपण पीत होतो?" नाही काकू, हे तुम्ही पीत नव्हता. त्या कांड्यांतल्या काही लोखंडाच्या असतात. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं, आणि ग्लासात दिसतो तो त्या विक्रेत्याच्या कांडीचा गंज. मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून वीज नाही, म्हणून गंज नाही. त्या ग्लासात तुमच्या मिसळणाच्या डब्यातलं मीठ टाकलंत तर तिथेही चिखल होईल, आणि विक्रेत्याला अचानक दुसऱ्या घरी जायचं आठवेल. पण मीठ कुणी टाकत नाही. काका अभियंता असतात, जन्मभर विद्युतप्रवाहावर पोट भरलेलं असतं, तेही टाकत नाहीत. ते फक्त विचारतात, "ईएमआय आहे का?"

आता पुण्याच्या नळाला येतं ते खडकवासल्याचं पाणी. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेला पाऊस, तो किती क्षार आणणार? आकडा मुळातच शंभराच्या आतबाहेर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत बिनधास्त प्या असं लिहिलंय. म्हणजे जो आजार नाही त्यावर आपण शस्त्रक्रिया करतो, आणि एक लिटर मिळवण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. पुढची गंमत ऐका. जवळजवळ सगळे क्षार काढल्यावर पाणी बेचव लागतं. मग मशीनमध्ये एक छोटा कॉक असतो. तो फिरवला की शुद्ध पाण्यात थोडं नळाचं पाणी परत मिसळतं. याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

या घरांत पाणी उकळायचा विषय काढून बघा. "गॅस केवढा जळतो!" उकळल्याने जंतू मरतात हे आजी सांगून थकल्या. पण उकळलेल्या पाण्याने आकडा उतरत नाही, वाफ गेल्यावर उलट कणभर चढतोच. आजी हरल्या त्या तिथे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली, पाणी उकळून प्या असं सगळीकडून सांगत होते. तेव्हाही पेन बुडवून "आपलं ठीक आहे" म्हणणारे महाभाग होतेच.

अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात कुणी हे मशीन लावलं तर मी हात जोडीन. तिथे जमिनीखालचं पाणीच खारट, आकडा खरोखर घसा जाळणारा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडने दात आणि हाडं गेलीत. मशीन हवं ते तिथे. ते तिथे गावाने वर्गणी काढून आणायचं, आणि इथे धरणाचं गोडं पाणी पिणारे मेम्ब्रेनच्या गप्पा मारणार!

आणि तेवीसवाल्यांच्याच ओट्यापाशी भांडी घासणाऱ्या मावशी नळाखाली ओंजळ धरून पाणी पितात. "त्यांना सवय आहे," असं वर ऐकवतात. कसली सवय? जे पाणी तुमच्या पोटाला विष आहे ते त्यांच्या पोटाला अमृत कसं झालं? तांब्याभर पाणी मशीनमधून द्यायला हात जड होतो, मोरीत तीन लिटर जातात ते मात्र चालतात.

तुमचं पाणी बिघडायचं तर ते बिघडतं गच्चीवर. सोसायटीच्या टाकीचं झाकण फुटलंय, आत कबुतराची पिसं तरंगतायत, तळाला बोटभर गाळ आहे. तिथे पेन घेऊन कुणी चढत नाही. वार्षिक सभेत टाकी धुण्याचा खर्च निघाला की हेच लोक उठतात: "आमच्याकडे मशीन आहे, आम्ही का भरायचे?" खरंच, का भरायचे? टाकी धुतली तर पाणी सगळ्यांचंच सुधारेल, मावशींचं, वॉचमनचं, थकबाकीदार तिसऱ्या मजल्याचंही. मग तुमच्या तेवीसला कोण विचारणार? ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. इतिवृत्तात कारण दिलंय, निधीचा अभाव.