येऊ द्या, येऊ द्या… बास!

माझ्या मेव्हण्यानं सेकंडहँड फोर-बाय-फोर घेतली, तेव्हा चारही चाकांना कामाला लावण्याची वेळ आपल्यावर कधी येणार, असं घरात कुणीही विचारलं नाही. नव्या गाडीला नाट लावू नये म्हणतात. पेढे खाल्ले आणि दिवेआगरला जायचं ठरलं. "ऐन पावसाळ्यात दिवेआगर?" असं फक्त बायकोच्या आत्यांनी विचारलं. "दिवेआगर निमित्त हो, खरी मजा ताम्हिणीत," असं सांगून मेव्हण्यानं त्यांना मागच्या सीटवर बसवलं. आत्या निवृत्त इतिहास शिक्षिका. गाडी गावाबाहेर पडली की त्यांचा तास सुरू होतो.

डॅशबोर्डवर एक गोल खटका होता. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढणार, फोर-एच म्हणजे चारही, आणि फोर-एल म्हणजे चारही, पण बैलगाडीच्या वेगानं. "चालत्या गाडीत फिरवता येतो, भाऊजी!" हे मेव्हण्यानं चांदणी चौकातच सांगितलं आणि तेव्हापासून तो रस्त्यावर ओल शोधू लागला. पिरंगुटच्या पुढे कुणीतरी टँकर गळवत नेला होता. तेवढं त्याला पुरलं. खट्! चारही चाकं कामाला लागली. पौडला पुन्हा खट्! दोनच.

मुळशीचं पाणी दिसू लागलं तसा आत्यांनी मुळशी सत्याग्रह काढला. "१९२१ साली टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातले शेतकरी उठले. आणि त्यांच्या पुढे कोण? तर सेनापती—"

कर्रर्र-टक. कर्रर्र-टक.

"—बापट," आत्यांनी नाव पूर्ण केलं. "काय वाजतंय रे?"

गाडीत आवाज एकच होता, पण तो चौघांना चार ठिकाणी ऐकू आला. बायकोला मागून, मला खालून, मेव्हण्याला बाहेरून ("रस्ताच तसा आहे, ताई") आणि आत्यांना लाडवांच्या डब्यातून. गाडी थांबवून डबा मांडीवर घेतला. जॅकची टॉमी चिंध्यांत गुंडाळली. छत्र्या बांधल्या. पुन्हा निघालो. कर्रर्र-टक. लाडू निर्दोष सुटले आणि लगेच वाटले गेले.

पहिलं गॅरेज रस्त्याला लागूनच होतं. तोंडात मावा धरून मिस्त्रीनं हातानंच खूण केली. "मागं घ्या. येऊ द्या, येऊ द्या… बास!" मग मेव्हण्यानं तोंडानं आवाज काढून दाखवला. मिस्त्री म्हणाला, "परत एकदा." परत काढला. शेजारच्या टपरीवरचे दोघं चहा घेऊन जवळ आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा काढला. मग मिस्त्रीनं पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात वर, एक हात खाली धरून ते हलवून पाहिलं आणि निकाल दिला, "बेअरिंग." मी कुठंतरी वाचलं होतं, की बेअरिंग गेलं तर घूं असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो, टक् असा येत नाही. पण पाना ज्याच्या हातात असतो त्याच्याशी वाद घालू नये. त्यानं काहीतरी आवळलं, पैसे घेतले. गाडी बाहेर काढली तर आवाज गायब! "बघा, भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "पुण्यात यालाच पाच हजार लावले असते."

ताम्हिणी घाटात चांगल्या वर्षी सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा आम्ही वर असतानाच पडत होता. एका धबधब्यानं रस्त्यावर गाळ आणून टाकला होता आणि त्यासमोर हॅचबॅक, ॲक्टिव्हा आणि एक एसटी रांगेनं उभ्या होत्या. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर आलेलं तेज मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. खट्! आम्ही रुबाबात गाळातून पलीकडे गेलो. मागोमाग ॲक्टिव्हाही आली. पुढे कोरड्या रस्त्यावर खट्! आणि विळ्याच्या उतारावर—

कर्रर्र-टक.

निजामपूरचा मिस्त्री तरुण आणि वाचाळ होता. "मागं घ्या. येऊ द्या, येऊ द्या… बास!" गोणपाट अंथरून तो गाडीखाली सरकला, प्रोपेलर शाफ्ट हातानं पिळून पाहिला आणि खालूनच ओरडला, "क्रॉस सुकलाय! तुमच्या गाडीला शाफ्ट दोन, पुढं एक, मागं एक. क्रॉस पण डबल, ग्रीस पण डबल!" बिलही डबल झालं. ग्रीस मारून बाहेर काढली. आवाज नाही. मेव्हणा म्हणाला, "क्रॉसच होता." बायको म्हणाली, "मग मघाशी बेअरिंग होतं ते?" मेव्हणा म्हणाला, "तेही होतं."

आत्यांचं मत मात्र बनत चाललं होतं. "डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते, तसं आहे हे. गाडी मिस्त्रीला घाबरते." मलाही ते पटू लागलं होतं, कारण दोन्ही मिस्त्रींनी आमचा आवाज ऐकला होता तो फक्त मेव्हण्याच्या तोंडून.

माणगावच्या अलीकडे रस्त्याच्या कामाचा चिखल होता. खट्, आणि चिखल संपल्यावर पुन्हा खट्. कर्रर्र-टक आता नियमानं आलं. माणगावचं गॅरेज दोन टेम्पो आणि एका वऱ्हाडाच्या गाडीनं भरलेलं. आत घ्यायला जागाच नव्हती. तिथले म्हातारे मिस्त्री हात पुसत रस्त्यावर आले, मला मागं बसवून पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चला सरळ." तोंडानं आवाज काढायला सज्ज झालेला मेव्हणा हिरमुसला. गाडीनंच तो काढून दाखवला. मिस्त्रींनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "वाजायच्या आधी काय केलंत?"

"काही नाही," मेव्हणा म्हणाला.

"तो खटका फिरवला," बायको म्हणाली.

"थांबवा. आता सरळ मागं घ्या, दोन-तीन मीटर. येऊ द्या, येऊ द्या… बास. आता चला पुढं."

आवाज बंद.

मग त्यांनी समजावलं. टू-एचमध्ये पुढची चाकं आपापली मोकळी फिरतात, त्यांचा एक्सलशी संबंध नसतो. फोर-एच लावलं की हबमधले दाते चाक आणि एक्सल एकमेकांत अडकवतात. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नाही आणि वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून ती ओढाताण निघून जाते, कोरड्या डांबरावर ती आतच साठून राहते. खटका टू-एचवर आणला तरी ताणामुळे एखादा हब अर्धवट अडकून बसतो आणि त्याचे दाते एकमेकांवरून उड्या मारत वाजतात. या जातीचा हब सुटायला गाडी सरळ थोडी मागं घ्यावी लागते. "पुस्तकात लिहिलेलं असतं," ते म्हणाले. पुस्तक आधीच्या मालकाकडेच राहिलं होतं.

म्हणजे दोन्ही गॅरेजांत आवाज गेला तो 'येऊ द्या, येऊ द्या' मध्येच. बेअरिंग आणि ग्रीस आम्ही वरून घेतलं.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, तेव्हा मेव्हण्याला वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या आजाराला काहीच लागू नये? शेवटी त्यांनी त्याच्या समाधानासाठी ऑइल तपासलं.

दिवेआगरला रेतीत चारही चाकं दाखवायची मेव्हण्याची शेवटची आशा होती. किनाऱ्यावर पाटी होती: वाहने नेण्यास सक्त मनाई. तिथून माघारी वळताना त्यानं गाडी उगाचच तीन मीटर जास्त मागं घेतली.

परतीच्या वाटेवर ताम्हिणीत पुन्हा गाळ, पुन्हा खट्, पुन्हा खट्. मग मेव्हण्यानं भर घाटात गाडी उभी केली, रिव्हर्स टाकला आणि गाडीतलं रिव्हर्सचं गाणं पावसात वाजू लागलं. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला, मग खाली उतरून काचेशी आला.

"साहेब, काय चाललंय?"

"हब अडकलाय. सोडवतोय."

"सोडवा की," टेम्पोवाला म्हणाला, "आणि जमलं तर मागं आम्ही चाळीस जण अडकलोय, त्यांनाबी सोडवा."